महाभारत आणि दडपे पोहे

बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि ९४ भागांनंतर २४ जून १९९० रोजी संपली. या पावणेदोन वर्षांत रविवारच्या सकाळी घरातला खरा पेच स्वयंपाकघरात असायचा. मालिका थांबवता येत नव्हती, मागे नेता येत नव्हती. व्हीसीआर फार थोड्या घरांत होता. त्यामुळे चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा, एवढाच उपाय उरायचा. त्यातच ज्याच्याकडे टीव्ही होता त्याच्या घरी शेजारची चार बिऱ्हाडे येऊन बसायची. नाश्त्याला माणसे किती होतील, हे मालिकेचे शीर्षकगीत सुरू झाल्याशिवाय कळत नसे.

अशा सकाळी काय खायचे हा प्रश्न जिभेपुरता नव्हता. घावन केले तर एकजण तव्यापाशी अडकणार. साबुदाण्याची खिचडी गार झाली की तिचा गोळा होतो. कांदेपोहे वाफ निघते आहे तोवरच चांगले, आणि उशिरा आलेल्यासाठी ते पुन्हा गरम करताना कोरडे पडतात. म्हणून टीव्हीवरच्या आवडत्या कार्यक्रमाबरोबर एखादा पदार्थ जुळवायचा, तर माझी पहिली कसोटी अशी आहे: कार्यक्रम सुरू झाल्यावर त्या पदार्थाला कुणाच्या हातांची गरज उरते का? गरज उरत असेल तर घरातले एक माणूस कार्यक्रमाला मुकते. ते माणूस बहुतेक घरांत कोण असायचे, हे वेगळे सांगायला नको. कितीतरी बायकांनी अख्खे 'महाभारत' स्वयंपाकघरातून ऐकले. हरीश भिमानी यांच्या आवाजातला 'समय' त्यांच्या कानांवर पडला, पण कुरुक्षेत्र त्यांना धड दिसले नाही. मला याचे आजही वाईट वाटते.

या कसोटीला पुरेपूर उतरणारा पदार्थ कोकणातल्या घरांत आधीपासून होता. तो म्हणजे दडपे पोहे. ते कालवून, दाबून, झाकून ठेवायचे असतात, आणि झाकलेल्या वेळात ते बिघडायच्या ऐवजी सुधारतात. माणसे वाढली तर परातीत आणखी दोन मुठी पोहे आणि थोडे खोबरे घातले की झाले. शिवाय ते मऊ असतात, आणि 'महाभारता'पुरता हा गुण फार मोलाचा आहे. या मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. 'आधा गाँव'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाने राजसभेतल्या भाषेला जे वजन दिले, त्यावर मालिकेचा निम्मा डोलारा उभा आहे. मुकेश खन्ना यांचा भीष्म बोलत असताना बाजूला कुणी कुरकुरीत चिवडा खात असेल, तर त्या वाक्याचा शेवट हातून जातो. चिवडा क्रिकेटच्या सामन्याला ठेवावा.

दडप्या पोह्यांना विस्तव इतका कमी का लागतो, हे पोहे कसे होतात ते पाहिले की कळते. भात, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, गरम पाण्यात भिजवतात, निथळतात आणि भट्टीत तापलेल्या वाळूत भाजतात. तो गरम आणि मऊ असतानाच कांडतात किंवा यंत्रात चेपतात. पाणी आणि उष्णता मिळून दाण्यातला पिष्टमय भाग तेव्हाच फुगून शिजलेला असतो. पोहा हा अशा रीतीने आधीच शिजलेला आणि मग वाळलेला तांदूळ आहे. त्याला फक्त गेलेले पाणी परत द्यायचे असते. जाड पोह्याला ते धुऊन आणि वाफ देऊन द्यावे लागते. पातळ पोहा इतका पसरट असतो की कांद्याचा आणि ओल्या खोबऱ्याचा ओलावाही त्याला पुरतो. म्हणून दडप्यांना पातळच पोहे हवेत. जाड घेतलेत तर ते दाताखाली कचकचतील, आणि नायलॉन पोहे घेतलेत तर त्यांचा लगदा होईल. पेणचे पातळ पोहे मिळाले तर उत्तम.

चार माणसांसाठी चार वाट्या पातळ पोहे चाळून घ्या. पावसाळ्यात ते सर्द होतात. तेव्हा कढईत मंद आचेवर जरा गरम करून गार होऊ द्या. परातीत एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून घ्या. त्यात वाटीभर ओले खोबरे, दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, मूठभर कोथिंबीर, चमचाभर साखर, चवीपुरते मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला, आणि हे सगळे हाताने चांगले चुरा. इथे घाई करू नका. मीठ आणि साखर कांद्यातले पाणी ओढून काढतात, आणि पोह्यांना लागणारा बहुतेक ओलावा तिथूनच येतो. मग पोहे घालून हलक्या हाताने कालवा. नारळ फोडताना निघालेले अर्धी वाटी पाणी बोटांनी शिंपडा. पातेल्यात भरून तळहाताने दाबा, वर ताटली ठेवा आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. पंधरा-वीस मिनिटे त्याकडे पाहायचेही नाही. तेवढ्यात दोन चमचे शेंगदाणा तेलात मूठभर शेंगदाणे खरपूस तळून बाजूला काढा. त्याच तेलात मोहरी, कढीपत्ता आणि चिमूटभर हळद घालून फोडणी करा आणि ती पोह्यांवर ओता. शेंगदाणे मात्र बशीत वाढताना घाला, नाहीतर ते मऊ पडतात.

फोडणी आधी द्यायची की दडपल्यावर, यावर घराघरांत मतभेद आहेत. मी दडपल्यावर देतो, कारण तेलाचा थर आधी बसला की पोहे ओलावा नीट घेत नाहीत. माझ्या आजोळी खोबऱ्याला वाटीचे माप नव्हते. पोहे पांढरे दिसेनासे होऊन खोबरे दिसू लागले की पुरे, असा हिशोब होता, आणि चवीच्या दृष्टीने तो बरोबर आहे.

या पदार्थात दूध, दही, तूप, लोणी, मध यांतले काही नाही. म्हणजे तो व्हीगन आहे. गहू, जव, राय यांतलेही काही नाही, म्हणजे तो ग्लूटेनमुक्त आहे. कोकणातल्या ज्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यांच्यापुढे नारळ आणि भात होता, आणि जे होते त्यातून त्यांनी हा पदार्थ घडवला. आज मात्र या दोन गोष्टी पाहूनच जेवणाऱ्यांची घरे वाढली आहेत, आणि त्यामागची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. ती दोन्ही एका दमात उच्चारली जातात, म्हणून घोटाळा होतो.

व्हीगन असणे हा निवडीचा प्रश्न आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. मांस न खाणाऱ्यांनी दूध आणि अंडीही का सोडावीत, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो प्राण्यांच्या वागणुकीशी निगडित होता. आपल्याकडे शाकाहार म्हटले की दूधदुभते त्यात धरलेलेच असते. त्यामुळे व्हीगन पाहुणा आला की यजमान गडबडतात आणि सवयीने तुपाची धार सोडतात. ज्यांनी दूधही सोडले आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. पोहे, डाळी, भाज्या कितीही खाल्ल्या तरी ती उणीव भरत नाही, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे घ्यावे लागते.

ग्लूटेनचे दुखणे निवडीचे नाही. सीलिअॅक हा आजार असलेल्या माणसाने गहू खाल्ला की त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात, रक्त कमी होते. हा संबंध उलगडला तो नेदरलँड्समध्ये. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ अशा मुलांवर उपचार करत होते आणि त्यांचा संशय गव्हावर होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या त्या देशात अन्नटंचाई इतकी झाली की पाव मिळेनासा झाला. आजूबाजूची माणसे उपाशी असताना ही मुले मात्र सुधारू लागली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला, आणि गहू बंद करणे हाच या आजाराचा उपचार ठरला. आजही दुसरा उपचार नाही. पथ्य जन्मभराचे आहे आणि त्याला रविवारची सुट्टी नाही.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. कणकेत पाणी घालून मळले की त्यांचे ताणले जाणारे जाळे तयार होते. तेच ग्लूटेन. पोळी न फाटता लाटली जाते आणि पाव फुगून तसाच राहतो, तो या जाळ्यामुळे. तांदळात ते नाही, आणि म्हणूनच तांदळाच्या भाकरीला गरम पाण्याची उकड काढावी लागते. आंबेमोहराचा भात चिकट होतो, तेव्हा त्यात ग्लूटेन असेल अशी शंका मला अनेकांनी विचारली आहे. तो चिकटपणा पिष्टाचा असतो, प्रथिनाचा नव्हे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, साबुदाणा हे सगळे सीलिअॅकच्या माणसाला चालतात. थालीपिठाच्या भाजणीत मात्र बहुधा गहू असतो. ती 'घरची' आहे म्हणून निर्धोक ठरत नाही.

आता फोडणीकडे परत येऊ, कारण वर मी त्यात हिंग घातला नाही आणि ते मुद्दाम. हिंग हा फेरुला जातीच्या झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो आपल्याकडे प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. भारतात त्याची लागवड करण्याचा प्रयत्न पालमपूरच्या संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुरू केला. निव्वळ हिंग इतका उग्र असतो की तो बाजारात तसा क्वचितच येतो. डिंक आणि पीठ मिसळून त्याची डबीतली पूड होते, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचे असते. चिमूटभरच तर घालतो, असे म्हणून चालत नाही. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असू नये, अशी भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतली मर्यादा आहे. यावरून किती थोड्यावर काम बिघडते याची कल्पना यावी. डबीवरचे घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तांदळाचे पीठ घातलेला हिंग मिळतो, तो आणा. नाही मिळाला तर दडपे पोहे हिंगावाचून अडत नाहीत.

अशा आणखी काही जागा आहेत. दडप्यांवर सांडगी मिरची तळून कुस्करायची पद्धत आहे. चव अप्रतिम येते, पण ती मिरची बहुतेक ठिकाणी दह्यात किंवा ताकात भिजवून वाळवलेली असते, तेव्हा व्हीगन पाहुण्याला ती चालणार नाही. साधी सुकी लाल मिरची तळून घाला. वर पापड चुरायचा असेल तर उडदाच्या पापडात हिंग असतो, हे ध्यानात ठेवा. विकतची शेव बेसनाची असली तरी ती कुठल्या कढईत तळली, त्या तेलात आधी मैद्याची शंकरपाळी पडली होती का, हे आपल्याला कळत नाही. सुट्टे पोहे घेताना दुकानातले मापटे रव्याच्या पोत्यातून पोह्यांच्या पोत्यात जाताना मी पाहिले आहे. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. घरात सीलिअॅक असेल तर ग्लूटेनमुक्त असे स्पष्ट छापलेले बंद पाकीट आणावे आणि पोह्यांची चाळणी कणकेच्या चाळणीपेक्षा वेगळी ठेवावी.

हे सगळे वाचून दडपण येण्याचे कारण नाही. आजारी माणसासाठी वेगळी बशी करण्याऐवजी सगळ्यांसाठी एकच असा पदार्थ करायचा, जो त्याला चालतो. मालिका बघताना एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढले जाते, तेव्हा पथ्य असलेल्या मुलाला आपण वेगळे आहोत असे वाटत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मला हे औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते.

पोह्यांचे कृष्णाशी नाते जुने आहे. सुदाम्याने फडक्यात बांधून नेलेले पोहे कृष्णाने ओढून घेऊन खाल्ले, ही कथा भागवताच्या दशम स्कंधातली आहे, महाभारतातली नाही. पण मालिकेत कृष्ण झालेले नीतीश भारद्वाज मराठी, पशुवैद्यक शिकलेले, आणि आपल्या घरांत त्यांच्याकडे एका वेगळ्याच जिव्हाळ्याने पाहिले जाई. त्यांच्या समोर बसून पोहे खाताना सुदामा आठवणे अगदी साहजिक होते. गोव्यात आणि तळकोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडल्यावर पोह्यांचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार होतात. त्यांतले नारळाच्या रसातले, गूळ घातलेले पोहे हेही व्हीगन आणि ग्लूटेनमुक्तच आहेत. ज्यांना सकाळी गोड आवडते त्यांनी ते करून पाहावेत.

महाभारताच्या कथेत स्वयंपाकघर बारकाईने आलेले आहे. अज्ञातवासात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहतो. मालिकेत ही भूमिका प्रवीणकुमार यांनी केली. थाळीफेकीत १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलेल्या या खेळाडूचे खांदे पाहून भीमाच्या भुकेविषयी कुणाला शंका राहिली नाही. वनपर्वात पांडवांना सूर्याकडून जे पात्र मिळते, त्यातले अन्न द्रौपदी जेवेपर्यंत संपत नाही. याचाच अर्थ द्रौपदी रोज सगळ्यांच्या शेवटी जेवते. ती जेवल्यावर दुर्वास शिष्यांसह येतात आणि पेच पडतो. मी ही कथा वाचतो तेव्हा त्या पात्राच्या चमत्कारापेक्षा तिचे शेवटी जेवणे मनात राहते. राजसूय यज्ञ झालेल्या घरातली राणी वनवासातही सगळ्यांना वाढून मग बसते, आणि आपल्या घरांनी हीच रीत कसलाही विचार न करता पुढे चालवली. १९८८ साली रविवारी सकाळी टीव्हीसमोर जे घडत होते, ते याहून फार वेगळे नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा दूरदर्शनने 'महाभारत' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. आता तर ते हवे तेव्हा, हवे तिथे थांबवून पाहता येते. थांबवायची सोय झाली म्हणून स्वयंपाकघरातल्या माणसाची सुटका आपोआप झाली असे मात्र दिसत नाही. तुम्ही बघा, मी आलेच, हे वाक्य अजून तसेच ऐकू येते.

कुठल्या भागाबरोबर हे पोहे खावेत, असे विचाराल तर सुरुवातीचे, कुरुवंशाच्या उभारणीचे भाग मला सर्वांत योग्य वाटतात. त्यांत माणसे खूप आहेत, नाती समजून घ्यायला वेळ लागतो आणि हातात बशी असली की घरातले थोरले धाकट्यांना ती नाती समजावत राहतात. कृष्णाच्या बालपणाचे भागही चांगले. द्यूतसभेचा आणि वस्त्रहरणाचा भाग मात्र खाणे आटोपून पाहावा. रूपा गांगुली यांची द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते तेव्हा घास चावत बसणे शोभत नाही, आणि तो घास गोडही लागत नाही. अभिमन्यूच्या वधालाही तेच.

दोन गोष्टी वाचकांना आवर्जून सांगायच्या आहेत. पोटाची तक्रार आहे म्हणून परस्पर गहू बंद करू नका. सीलिअॅकची रक्ततपासणी आणि त्यानंतरची आतड्याची तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी उतरते. आधीच पथ्य धरले तर आजार असूनही अहवालात दिसत नाही. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य. दुसरी गोष्ट रविवारची. खोबरे आदल्या रात्री खवून थंड जागी ठेवा, कांदा मुलांना चिरायला शिकवा, पोहे दडपायचे काम घरातल्या पुरुषांनी घ्यावे, आणि पातेल्यावरची ताटली काढल्यावर पहिली बशी त्या माणसाला द्या जे इतकी वर्षे शेवटी जेवत आले आहे.